चौदा नंबरचा डबा

खरं तर वहिनी त्या कारखान्यात फक्त एकाचीच वहिनी होती. पण त्या एकानं कामाला लागल्याच्या पहिल्याच दिवशी, सगळी पाळी हजर असताना, पीठ मळायच्या मिक्सरवरून "वहिनी, इकडे ये गं!" अशी आरोळी ठोकली आणि झालं. दुसऱ्या दिवशी गेटवरचा वॉचमन, तिसऱ्या दिवशी वायरमनकाका आणि आठवडा भरायच्या आत खुद्द मॅनेजर तिला वहिनी म्हणायला लागले. आरोळी ठोकणारा तिचा दीर. घरात सगळे त्याला धाकटा म्हणत, तर आपणही तेच म्हणू.

ती लग्न होऊन आली तेव्हा धाकटा अकरा वर्षांचा होता आणि अपूर्णांक दिसले की त्याच्या पोटात दुखायचं. सासूबाईंनी हात टेकले होते. वहिनीनं एक अख्खा ब्रेड कापून कापून त्याला अर्धा, पाव, पाऊण शिकवलं, आणि शिकवणी संपल्यावर दोघांनी मिळून तो संपवला. पुढे पोरगा ब्रेडच्याच कारखान्यात लागला, तेव्हा घरात हसून हसून पुरेवाट झाली. तिथे त्याच्यासाठी शब्द टाकला होता तो वहिनीनंच, कारण त्या कारखान्याची किरकोळ कामं ती आधीपासून करत होती.

आता तिचं काम काय ते सांगतो. जांभई आली तर खुशाल द्या, पण ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

कारखान्यात एका कपाटात कंट्रोलर असतो. तो म्हणजे सगळ्या यंत्रांचं डोकं. कुठली मोटर कधी फिरवायची, कुठला पट्टा कधी थांबवायचा, हे तो ठरवतो. पण डोक्याला डोळे-कान लागतात, आणि ते लांब लांब यंत्रांवर बसवलेले असतात. पूर्वी प्रत्येकापासून कपाटापर्यंत वेगळी वायर यायची, मनगटाएवढे जुडगे व्हायचे आणि त्यात उंदरांची चंगळ. आता एकच जांभळी केबल कारखानाभर फिरवतात. वाटेत ठिकठिकाणी डबे बसवतात, आणि शेजारच्या दहा-बारा वायरी त्या त्या डब्यात येतात. प्रत्येक डब्याला एक नंबर. तो स्क्रूड्रायव्हरनं दोन चिमुकल्या चकत्या फिरवून द्यायचा. मग कंट्रोलर सेकंदाला शंभरदा हजेरी घेतो. एक? हजर. दोन? हजर. शाळेत बाई घेतात तशीच, फक्त या बाईंना दम लागत नाही. हे सगळं जुळवून देणं, कुणाचा नंबर काय आणि त्यानं काय सांगितलं की कंट्रोलरनं काय करायचं ते प्रोग्रॅममध्ये लिहिणं, हे वहिनीचं काम. पंधरा वर्षं ती तेच करत होती आणि उत्तम करत होती.

आणि यातला पहिला धडा असा, की जो डबा हजेरीला उत्तर देत नाही त्याच्याबद्दल वाईटातलं वाईट धरून चालायचं. भट्टीचा डबा गप्प झाला, तर भट्टी तापलीय असं समजून ती बंद करायची. गप्प बसलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही. हे ती नव्या पोरांना शिकवायची, तेही बोट नाचवून.

या कारखान्यात ही नवी यंत्रणा तिनंच बसवली आणि तिच्यात बावीस डबे होते. चौदा नंबरचा डबा मिक्सरच्या पायाला, केबलच्या अगदी शेवटच्या टोकाला लावलेला; नंबर काही क्रमानं दिलेले नव्हते. त्याच्याकडे तीन-चार कामं होती, पण महत्त्वाचं एकच होतं. मिक्सरचं झाकण उघडं आहे की बंद, हे कंट्रोलरला सांगायचं. झाकण उघडं असेल तर आतला लोखंडी हात फिरता कामा नये. खरं म्हणजे असल्या झाकणाची थेट वेगळी वायर असावी असा नियम आहे. वहिनीनं ते लिहूनही दिलं होतं. पण मॅनेजर म्हणाले, दुसऱ्या टप्प्यात बघू. दुसरा टप्पा म्हणजे काय, हे नोकरी केलेल्या कुणालाही सांगायला नको.

तर झालं असं, की एकवीस डबे पहिल्या दिवशी गुण्यागोविंदानं हजर झाले आणि चौदानं मात्र नाकी नऊ आणले. पाच मिनिटं बोलायचा, मग गप्प. गप्प झाला की मिक्सर थांबायचा, मिक्सर थांबला की मागचा पुढचा सगळा कारखाना थांबायचा. वहिनीनं डबा बदलला. नंबर तपासला. केबल नव्यानं सोलून जोडली. वायरमनकाका साठीला आलेले, तरी शिडीवर चढून तिच्याबरोबर छतालगतची केबल हात लावून लावून बघत होते. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी अकराला मुख्य कार्यालयाची माणसं नवी यंत्रणा बघायला येणार होती, आणि साडेदहाला चौदा नंबर पुन्हा गप्प झाला.

मॅनेजर तिच्या डोक्यावर येऊन उभे राहिले. "वहिनी, करा ना काहीतरी. तासभर चालू दे फक्त. मग तुम्ही महिनाभर दुरुस्त करत बसा, मी विचारणार नाही."

तिनं लॅपटॉप उघडला आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळ टाकली. चौदा गप्प झाला, तर त्यानं शेवटचं जे सांगितलं तेच खरं धरून चालायचं. बस. एवढीच ओळ. तासाभरासाठी.

हे काम करणारे सगळेच असल्या तात्पुरत्या ओळी टाकतात, त्याशिवाय गाडं पुढे सरकत नाही. वहिनीची मात्र एक शिस्त होती. तिचा नवरा शिंपी. कपडा नीट बसावा म्हणून तो आधी मोठे कच्चे टाके घालतो, आणि पक्की शिवण झाल्यावर ते एकेक उसवतो. त्याच्याकडूनच ती शिकली होती. प्रत्येक तात्पुरती गोष्ट ती वहीत लिहायची आणि सगळ्यांवर काट मारल्याशिवाय कारखान्यातून पाय काढायची नाही. त्या दिवशी वही टेबलावर होती आणि टेबलावर पाहुण्यांसाठी मांडामांड चालली होती. नंतर लिहू, म्हणाली ती. वहीत तात्पुरत्या गोष्टी चार लिहिलेल्या होत्या. पाचवी राहिली.

पाहुणे आले, माना डोलावल्या, गेले. दुपारी तीनला तेराव्या डब्याजवळून वायरमनकाकांची हाक आली. केबलच्या जोडणीला नखाएवढा एक खटका असतो. तो फक्त केबलच्या दोन टोकांना चालू ठेवायचा, मध्ये कुठेही नाही. तेराच्या जोडणीतला खटका कुणाच्या तरी धक्क्यानं चालू झाला होता आणि पुढच्या चौदाचं बोलणं त्यातच अडकत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! काकांनी टिचकीनं खटका बंद केला आणि चौदा असा पोपटासारखा बोलायला लागला, की दोघं एकमेकांकडे बघून हसतच सुटले. धाकटा मिक्सरवरून ओरडला, "माझी वहिनी आहे ती, माझी!" संध्याकाळी तिनं वहीतल्या चारही ओळींवर काट मारली, वही मिटली आणि घरी गेली.

असं ते घडलं. यात कुणी दुष्ट नव्हतं, हीच तर पंचाईत.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, ती दुसऱ्याच एका कारखान्यात स्टुलावर उभी राहून डब्याला नंबर देत होती. नवऱ्याचा फोन आला. तो कामाच्या वेळी कधी फोन करत नाही, म्हणून तिनं लगेच घेतला.

"धाकट्याचा हात मिक्सरमध्ये गेला," तो म्हणाला. "उजवा. तू ये."

ती पोचेपर्यंत शस्त्रक्रिया झाली होती. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट डॉक्टरांनी वाचवलं. बाकीची तीन गेली. धाकटा गुंगीत होता, आणि पांढऱ्या पट्ट्यांचं एक बोचकं उशीवर ठेवलेलं होतं. नवरा नुसता येरझारा घालत होता. सासूबाई बाकावर बसून एकसारख्या बोलत होत्या, कारण गप्प बसल्या असत्या तर कोसळल्या असत्या.

"शंभरदा सांगितलं होतं याला! शहाणपणा करू नको, शहाणपणा करू नको. ऐकेल तर शपथ. माझ्या गळ्याची आण घेतली होती गं यानं, आता पुन्हा नाही म्हणून."

ही आण कसली, तेही सांगायला हवं. मिक्सरच्या झाकणावर एक मॅग्नेट असतो. झाकण मिटलं की तो सेन्सरसमोर येतो आणि झाकण बंद झाल्याचं कळतं. कामगार वस्ताद असतात. सुटा मॅग्नेट आणून सेन्सरला चिकटवला, की यंत्राला वाटतं झाकण बंद आहे. मग झाकण उघडं ठेवून, लोखंडी हात फिरत असतानाच कडेचं पीठ खरवडता येतं आणि काम निम्म्या वेळात होतं. धाकट्याला हे करताना दोन वर्षांपूर्वी एकदा पकडलं होतं. लेखी ताकीद मिळाली होती. घरात रणकंदन झालं होतं, आणि त्यानं आईसमोर कान धरून पुन्हा असं करणार नाही म्हणून सांगितलं होतं.

मॅनेजर दुपारी आले. माणूस वाईट नव्हता, त्याचेही डोळे लाल झाले होते. वहिनीला त्यांनी बाजूला घेतलं.

"फार वाईट झालं, वहिनी. पण तुम्हाला सांगतो, पुन्हा तेच. मॅग्नेट."

"सापडला मॅग्नेट?"

"नाही. सगळं धुऊन काढलं ना, गेला असेल वाहून. पण कॉम्प्युटरच सांगतोय. मी स्वतः बघितलं. झाकण बंद, सगळा वेळ बंद. एक सेकंदही उघडलं नाही. आणि हात तर आत गेला. मग दुसरं काय असणार? तुमचीच यंत्रणा, ती थोडीच खोटं बोलणार."

"एक सेकंदही नाही?" वहिनीनं विचारलं.

"नाही म्हणजे नाही."

आणि तिथेच तिला कळलं, की मॅग्नेट नव्हताच. कारण माणूस मॅग्नेट लावतो तेव्हासुद्धा आधी झाकण उघडतो, मग लावतो. मध्ये एखादा सेकंद तरी उघडं दिसलंच पाहिजे. एक सेकंदही नाही, याचा अर्थ डबा बोलतच नव्हता. डबा गप्प होता आणि कंट्रोलर त्याचं शेवटचं वाक्य धरून बसला होता. झाकण बंद. झाकण बंद. झाकण बंद. पाहुणे, मांडामांड, वही, सगळं तिला लख्ख आठवलं.

"धुऊन काढलं म्हणालात," ती कशीबशी म्हणाली. "मिक्सर बंद ठेवलाय ना?"

"बंद कसा ठेवणार? बारालाच सुरू केला. दुकानांना ब्रेड नको का?"

वहिनी धावली. अक्षरशः धावली, चाळिशीची बाई हॉस्पिटलच्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत धावली. कारखान्यात शिरली तेव्हा मिक्सरवर दुसरा माणूस होता. पीठ मुरायला मिक्सर मध्ये काही मिनिटं आपोआप थांबतो, तसा तो थांबला होता; झाकण उघडं होतं आणि तो माणूस कोपरापर्यंत हात घालून तळाचं पीठ खरवडत होता. तिनं खांबावरचं लाल बटण दाबलं. त्या बटणाला तरी वेगळी वायर होती. सगळा कारखाना एकदम थांबला आणि जो तो तिच्याकडे बघायला लागला.

"हात काढ!" ती किंचाळली. "हात काढ आधी बाहेर!"

त्या माणसानं दचकून हात काढला. त्याला वाटलं, धक्का बसलाय बिचारीला.

तिनं कपाट उघडून लॅपटॉप जोडला. ओळ तिथेच होती, जशीच्या तशी. ती काढायला तिला फार तर अर्धं मिनिट लागलं. मग कंट्रोलर सुरू केला तर तो हजेरीत चौदावर अडला आणि मिक्सर जागेवरच मुकाट उभा राहिला. जसा राहायला हवा होता तसा. वायरमनकाकांनी चौदाची जोडणी उघडली, तर आतून पाण्याची धार लागली. रोज सकाळी यंत्रं पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुतात, ते पाणी सील चुकवून आत गेलं होतं. डबा अधूनमधून गप्प होत असणार, कदाचित कित्येक दिवस. आणि मिक्सर आपला चालूच. कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

काका खाली बसूनच होते. हातातली जोडणी पुसत त्यांनी विचारलं, "वहिनी, त्या पाहुण्यांच्या दिवशी तुम्ही काहीतरी केलं होतं. तेच का हे?"

तिनं लॅपटॉप मिटला. काकांना उत्तर कळलं.

"आता काढलंत ना?"

"काढलं."

"मग गेलं ते." काकांनी आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "माझ्या तोंडून कधी निघायचं नाही, पोरीच्या शपथेवर सांगतो. तुम्ही सांगितलंत म्हणून काय बोटं परत येणार आहेत? पंधरा वर्षांचं नाव आहे तुमचं. एका ओळीपायी पाण्यात घालू नका."

बघा कसं असतं. ओळ काढली नसती तर आणखी एखाद्याचा हात गेला असता. काढली, तर पुरावा गेला. जे करायलाच हवं होतं त्यानंच तिला पळायची वाट करून दिली. जुना प्रोग्रॅम आता फक्त तिच्या लॅपटॉपमध्ये होता. तो पुसायला तर एक बटण पुरे.

संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. शुक्रवारपर्यंत तिचा अहवाल हवा होता. "फार लिहू नका. झाकणाचा सिग्नल पूर्ण वेळ बंद होता, एवढंच लिहा. खोटं तर नाही ना ते? आणि काळजी करू नका, त्याला मी घरी बसवणार नाही. एकदा चूक कबूल केली की स्टोअरमध्ये घेतो. तुमचंही भागेल, त्याचंही भागेल."

खोटं नव्हतंच ते. शब्दन् शब्द खरा होता. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला इतकं खरं वाक्य तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

बुधवारी दुपारी ती नवऱ्याच्या दुकानात गेली. तो कोट कापत होता. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्याची कात्री मध्येच थांबली. तो ना ओरडला, ना जवळ आला.

"त्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस?" एवढंच म्हणून तो पुन्हा कापायला लागला, पण कात्री सरळ चालेना.

तिला राग आला. मेला, चांगलं बोलायला काय जातं याचं! आणि लगेच तिला कळलं, की आपण इथे मलमपट्टी करून घ्यायला आलो होतो. ज्याला पट्ट्या बांधल्यात तो हॉस्पिटलात आहे.

तरीही ती बुधवारी गेली नाही. हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही तिला उगाच थोर समजाल. घरी गेली, कपडे धुतले, धुतलेले पुन्हा धुतले. लॅपटॉप उघडला, जुना प्रोग्रॅम पुसायच्या बटणावर बोट नेलं आणि पुन्हा मिटला. असं तीनदा.

गुरुवारी सकाळी ती हॉस्पिटलला गेली. सासूबाई नेहमीच्या बाकावर होत्या. धाकटा उठून बसला होता. मांडीवर एक वर्तमानपत्र, डाव्या हातात पेन, आणि समासात तो स्वतःचं नाव गिरवत होता. अक्षरं वेडीवाकडी, कुठे मोठी कुठे बारकी. शेजारच्या स्टुलावर मॅनेजरनं ठेवलेला, चूक कबूल असल्याचा कागद होता.

"बघ," तो म्हणाला. "पहिलीत गेलोय पुन्हा. डाव्या हातानं सही चालते ना गं?"

"कशावर सही?"

त्यानं कागदाकडे मान केली. मग खाली बघत म्हणाला, "वहिनी, मला आठवलं. लावला होता मी मॅग्नेट."

वहिनी पलंगाच्या कडेवर बसली. "काय म्हणालास?"

"दोन दिवस आठवतोय. आधी वाटलं नाही लावला. आण घेतली होती ना आईपाशी. पण मग म्हटलं, कॉम्प्युटर सांगतोय झाकण बंद, आणि तो तू लावलेला. तुझं कधी चुकतं का? म्हणजे मीच लावला असणार. सकाळची गडबड, आधीचा घाणा उशिरा निघालेला... खिशात असेल माझ्या. आता तर मला लावताना दिसतोय सुद्धा. असा, अंगठ्यानं." त्यानं डाव्या अंगठ्यानं हवेत दाबून दाखवलं. "आईला तोंड कसं दाखवू कळत नाही."

"तू लावला नव्हतास," वहिनी म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे. ऐक. मध्ये बोलू नको, नाहीतर माझ्यानं सांगून होणार नाही."

आणि तिनं सांगितलं. चौदा नंबर गप्प व्हायचा ते. पाहुणे यायचे होते ते. एक ओळ टाकली ती. वहीत लिहायची राहिली ती. जोडणीत पाणी गेलं ते. "तू झाकण उघडलंस ते डब्यानं सांगितलंच नाही, म्हणून थांबलेला मिक्सर पुन्हा फिरला. आणि डबा गप्प झाला तरी मिक्सर चालू ठेव, हे मी लिहिलं होतं. मी विसरले. चूक माझी आहे, तुझी काडीचीही नाही."

त्याला पहिल्यांदा एकच गोष्ट कळली.

"म्हणजे मी नव्हता लावला?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं डोळे मिटले आणि जीव भांड्यात पडल्यासारखा मोठा श्वास सोडला. "वेड लागायची पाळी आली होती, वहिनी. मला खरंच दिसायला लागलं होतं गं." क्षणभर त्याचा चेहरा मोकळा झाला, हसरासुद्धा. आणि मग दुसरी गोष्ट हळूहळू त्याच्यापर्यंत पोचली. ती पोचताना वहिनीनं बघितली. नजर खाली वळवायची तिची छाती झाली नाही.

"किती वेळ लागला असता?" त्यानं विचारलं.

"कशाला?"

"ती ओळ काढायला."

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. तासभर म्हणाली असती, अवघड होतं म्हणाली असती, तरी त्याला काय कळणार होतं?

"अर्धं मिनिट," ती म्हणाली.

तो उशीवरच्या बोचक्याकडे बघत राहिला. बोलला तेव्हा आवाज अगदी साधा होता, एखाद्या परक्याला वाट विचारावी तसा.

"आईला आत पाठव. आणि तू तिला बाहेरच सांग सगळं. माझ्यासमोर नको."

बाहेर येऊन तिनं सासूबाईंना सांगितलं. त्यांच्यासमोर, खाली फरशीवर बसून सांगितलं. डबा आणि ओळ त्यांना कळायचं कारण नव्हतं. म्हणून तिनं एवढंच म्हटलं, "आई, त्यानं आण मोडली नव्हती. यंत्र थांबायला हवं होतं. माझ्या चुकीनं थांबलं नाही."

सासूबाईंना वेळ लागला. मग त्या पुटपुटल्या, "तीन दिवस मी त्याला बोलतेय. तीन दिवस. डोक्यावरून हातसुद्धा फिरवला नाही मी त्याच्या." वहिनीकडे न बघताच त्या उठल्या, पदर सावरला आणि आत गेल्या. दार लागलं.

थोड्या वेळानं मॅनेजर आले, हातात फाईल. "झाली का त्याची सही?"

वहिनीनं पिशवीतून आपला कागद काढून दिला. बुधवारी चारदा फाडून पाचव्यांदा लिहिलेला, आणि गुरुवारी सकाळीही द्यायचा की नाही ते न ठरवता पिशवीत टाकलेला. मॅनेजरनं वाचला. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, अहो, कळतंय का हे काय लिहिलंय? कुठल्या कारखान्यात उभं करतील का तुम्हाला? घरचीच गोष्ट आहे, घरात मिटली असती. आणि त्याला कळलं तर काय वाटेल, त्याचा विचार केलात?"

"त्याला कळलंय," ती म्हणाली.

तेवढ्यात आतून आवाज आला. आधी सासूबाईंचा वाटला, पण तो धाकट्याचा होता. मोठमोठ्यानं, हुंदके देऊन, आई आई करत तो रडत होता. बोटं गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता. इतके दिवस चूक आपलीच म्हणून त्याला रडायचीही चोरी होती.

मॅनेजरनं फाईल मिटली आणि ते खाली मान घालून उभे राहिले. वहिनी उठली, दारापर्यंत गेली. आत जायला तिचा जीव तुटत होता. कडीवर हात ठेवून ती तिथेच उभी राहिली आणि त्याचं रडणं ऐकत राहिली.